माणसाला कान दोनच असतात

होवाळ सरांचं एक वाक्य विट्यात बऱ्याच जणांना पाठ होतं. ‘माझ्या वर्गातलं पोरगं एक वेळ नापास होईल, पण प्रश्न विचारायला घाबरणार नाही.’ हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षं आठवीच्या पहिल्या तासाला म्हटलं होतं, निवृत्तीच्या समारंभात म्हटलं होतं, आणि शाळेनं दिलेल्या मानपत्रात ते सोनेरी शाईनं छापूनही आलं होतं. मानपत्र हॉलमध्ये टीव्हीच्या बरोबर वर लावलेलं होतं. त्यामुळं टीव्हीवर काहीही चाललेलं असो, बघणाऱ्याला आधी ते वाक्य वाचावं लागे.

भानगड सुरू झाली ती त्या टीव्हीपासूनच. टीव्ही नवा होता, पाटासारखा पातळ होता, आणि त्याचा आवाजही तेवढाच पातळ होता. क्रांतीबाईंनी पोस्टाच्या खिडकीवर तीस वर्षं नोकरी केलेली. खिडकीपलीकडून माणसं कशी ओरडून बोलतात याची त्यांच्या कानाला सवय होती.

“ह्या टीव्हीतली माणसं घसा बसल्यासारखी बोलतात,” त्या म्हणाल्या. “काहीतरी करा.”

नेमक्या त्याच आठवड्यात सरांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरनं एका भैरवीच्या मध्यावर धूर सोडला आणि देह ठेवला. सरांकडं शंभरावर रेकॉर्डी, दोन ट्रंका भरून कॅसेटी आणि लाकडी पेटीतले दोन भलेथोरले स्पीकर होते. सिनेमा मुका आणि संगीत मेलेलं, अशा घरात माणूस किती दिवस काढणार? तेव्हा सरांनी जाहीर केलं की सिनेमा आणि संगीत या दोहोंसाठी मिळून एकच उत्तम अ‍ॅम्प्लिफायर आणायचा.

“दोन कामं आहेत तर दोन यंत्रं घ्या की,” क्रांतीबाई म्हणाल्या. “पोस्टात आम्ही पार्सल आणि मनिऑर्डर एका खिडकीवर घेत नव्हतो.”

“क्रांती, दोन्हीकडं ध्वनीच आहे. तुला त्यातली तांत्रिक बाजू कळायची नाही.”

चौतीस वर्षांच्या संसारात हे वाक्यही पाठ झालेलं होतं. ते छापून मात्र कुठं आलं नव्हतं.

सरांनी दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर दोन सूत्रं लिहिली. पहिलं: वॅट दुप्पट, तर आवाज दुप्पट. दुसरं: माणसाला कान दोन, म्हणून स्पीकर दोन. ही सूत्रं त्यांनी आठवीला ‘ध्वनी’ शिकवताना वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली होती आणि खाली दोन-दोन रेघा मारल्या होत्या. आता फक्त यंत्र निवडायचं होतं, आणि सल्ला द्यायला जिल्हाभर विद्यार्थी होते. सांगली-साताऱ्यात असं एक ऑफिस, एक दुकान नव्हतं जिथं होवाळ सरांना बघून कोणीतरी खुर्चीतून उठत नसे.

सांगलीत ऋषिराजचं टीव्ही-फ्रिजचं मोठं दुकान होतं. सर आत शिरले तसे ऋषिराजनं चालू असलेले अकरा टीव्ही एका दमात बंद केले. गिऱ्हाइकांसमोर वाकून नमस्कार केला.

“सर, बसा. काय घेणार, थंड का चहा?”

“आधी प्रश्न. सिनेमा आणि गाणी, दोन्हीला मिळून एक अ‍ॅम्प्लिफायर. कुठला घ्यावा?”

ऋषिराज खुलला. हा विषय त्याच्या आवडीचा होता. “सर, दोन वाटा आहेत बघा. सिनेमाचं यंत्र पाच-सात स्पीकरचं असतं. गाण्याचं दोनचं. तुम्ही गाणीच जास्त ऐकत असाल तर दोनचं भारी घ्या, सिनेमा त्यावर भागतो. सिनेमा जास्त असेल, तर पाचचं घ्या. पण मग पाचही स्पीकर…”

“ऋषिराज, माणसाला कान किती?”

ऋषिराजचे दोन्ही हात आपोआप कानांकडं गेले. “दोन, सर.”

“मग पाच स्पीकर काय गुडघ्यानं ऐकायचे?”

“बरोबर आहे, सर.”

“आता मला सांग, सात स्पीकरच्या यंत्राचे वॅट किती?”

“सातशे म्हणतात, सर. म्हणजे प्रत्येक स्पीकरला शंभर…”

“आणि दोनच्याचे?”

“दोनशे.”

“सातशे मोठे का दोनशे?”

ऋषिराज काही क्षण बंद टीव्हीच्या काळ्या काचेकडं बघत राहिला. त्यात त्याला बहुधा आठवीतला ऋषिराज दिसला असावा. “सातशे, सर.”

तर दोन्ही सूत्रं एकत्र केल्यावर उत्तर असं निघालं: सात स्पीकरचं यंत्र घ्यायचं आणि त्याला दोनच स्पीकर जोडायचे. ऋषिराजनं “वा सर, हे कुणाच्या डोक्यात आलं नसतं,” असं म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.

शास्त्राच्या माणसानं एका मतावर विसंबू नये, म्हणून सर एसटीनं मायणी-वडूज करत साताऱ्याला गेले. तिथं अंकिताचा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता. भिंतींना स्पंज लावलेला, दारं गादीसारखी जाड. आत गेल्यावर आपलाच श्वास ऐकू येत होता. अंकिता आठवीत पहिल्या बाकावर बसायची. तिनं सरांसाठी पेढे आणून ठेवले होते.

सरांनी वही उघडून पहिलं सूत्र दाखवलं. अंकितानं ते वाचलं. पुन्हा वाचलं.

“सर, खरं सांगायचं तर वॅट दुप्पट केल्यावर कानाला…” असं म्हणून तिनं अंगठा आणि तर्जनी यांच्यात मोहरीएवढं अंतर धरलं.

“कानाला काय?” सर उत्सुकतेनं पुढं झुकले.

अंकितानं बोटं मिटून घेतली. “कानाला फरक पडतोच, सर. पेढा घ्या ना.”

परतीच्या एसटीत सरांनी वहीत नोंद केली: ‘अंकिताचीही पूर्ण संमती.’

शेजारचे सुभेदार नाथाजी हे सरांचे विद्यार्थी नव्हते, त्यामुळं त्यांचं मत कोणत्याही वेळी आणि न विचारता मिळत असे. फौजेत त्यांनी वायरलेस सांभाळला होता.

“गुरुजी, पावर चाहिए, पावर!” ते कुंपणावरून म्हणाले. “पर सातशे वॅट? तुमचं मीटर उडंल. आधी लाइन मजबूत करा. आमच्या युनिटमधे एकदा असाच…”

युनिटची गोष्ट अर्धा तास चालली. तिचा शेवट कोणालाच कळला नाही, पण मीटर उडण्याची भीती सरांच्या मनात बसली. दुसऱ्या दिवशी ते वीज कार्यालयात गेले. तिथं प्रशांत इंजिनिअर होता. तो उठून उभा राहिला, म्हणून त्याच्या हाताखालचे चौघं उभे राहिले, म्हणून रांगेतली माणसंही काहीतरी झालं समजून उभी राहिली.

“सर, सातशे वॅट म्हणजे काही फार नाही,” प्रशांत म्हणाला. “घरातली एक इस्त्री तेवढी…”

“इस्त्री बोलते का?”

“नाही, सर.”

“गाते?”

“नाही, सर.”

“मग?”

प्रशांतनं निमूटपणे तीन फेजच्या जोडणीचा अर्ज पुढं केला. अर्जाबरोबर घरपट्टीची पावती, दोन फोटो, शेजाऱ्याची हरकत नसल्याचं पत्र आणि विहित नमुन्यातलं हमीपत्र लागत होतं. सरांनी हे सगळं तीन खेपांत जमवलं, कारण प्रत्येक खेपेला नमुना बदललेला असे. अखेर गाडी एका रकान्यावर अडली. ‘वाढीव विजेचं प्रयोजन’ या रकान्यात चारच पर्याय होते: गिरणी, वेल्डिंग, लेथ मशीन, कुक्कुटपालन. संगीत हे प्रयोजन वीज कार्यालयाला माहीत नव्हतं.

“‘इतर’ असं काही नाही का?” सरांनी विचारलं.

“कंप्युटर घेत न्हाई, सर,” कारकून म्हणाला. “कोंबड्या घालू का गिरणी?”

सरांनी बराच विचार करून त्यातल्या त्यात आवाज करणारी म्हणून गिरणी निवडली.

आठ दिवसांत होवाळ सरांच्या भिंतीवर कपाटाएवढा मीटर बसला आणि खांबावरून जाड काळी केबल आली. त्या दिवशी दुपारी साळूबाई डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

“मास्तर, जरा बारीक दळा. भाकरी मोडतीया.”

सरांनी त्यांना बसवून ध्वनी म्हणजे काय, कंप म्हणजे काय, हे तारेचं आणि तळ्यातल्या लाटेचं उदाहरण देऊन समजावलं. सर समजावत छानच. साळूबाईंनी सगळं मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, “म्हंजे दगूड अजून बसवला न्हाई व्हय?” त्या आठवड्यात आणखी नऊ डबे आले. दोन तर क्रांतीबाईंनी ठेवूनही घेतले आणि कोपऱ्यावरच्या खऱ्या गिरणीतून दळून आणून दिले.

“काय करू?” त्या म्हणाल्या. “गिरणीवाल्याची बायको म्हणून नाव झालंय. नावाला तरी जागायला नको?”

अखेर यंत्र आलं. जोडायला धुळा आला. धुळा आठवीत दोनदा बसला होता आणि नंतर मंडप, लाइट आणि साउंडच्या धंद्यात पडला होता. आता त्याच्याकडं दोन ट्रक होते, आणि तालुक्यातलं कुठलंही लग्न त्याच्या स्पीकरशिवाय लागत नसे. त्यानं यंत्र पालथं केलं, मागं तारा जोडायच्या जागा बघितल्या, कोपऱ्यातले दोन लाकडी स्पीकर बघितले, आणि डोकं खाजवलं.

“सर, ह्यो मधला…”

“धुळा, माणसाला कान किती?”

“दोन, सर.”

“जोड.”

“जोडतो, सर.”

त्यानं दोन स्पीकर जोडले. मधल्या रिकाम्या जागेवरून त्यानं एकदा हळूच अंगठा फिरवला, जसा डॉक्टर दुखऱ्या जागेवरून फिरवतो, आणि यंत्र सरळ केलं.

रविवारी चार वाजता उद्घाटन ठरलं. ऋषिराज, प्रशांत, धुळा आले; अंकिता साताऱ्याहून आली; सुभेदार कुंपण ओलांडून आले. आधी सरांनी शाहिरीची एक जुनी रेकॉर्ड लावली. डफावर थाप पडली आणि खरोखरच हॉल भरून गेला. तुणतुण्याची तार अगदी कानाशी वाजत होती. सरांनी सगळ्यांकडं अशा नजरेनं पाहिलं, की जणू डफही त्यांनीच मढवला होता.

मग सिनेमा. ऐतिहासिक होता. पडद्यावर सकाळ झाली. पाखरं ओरडली ती थेट खिडकीतून आल्यासारखी. घोडे खिंकाळले, तेव्हा सुभेदार सावरून बसले. सैन्य गोळा झालं. सरदार टेकडीवर चढला, त्यानं तलवार उपसली, तिचा खणखणाट भिंतीवर आपटला. सरदारानं तोंड उघडलं.

आणि काहीच ऐकू आलं नाही.

म्हणजे वारा ऐकू येत होता. झेंडे फडफडत होते. लांब कुठं तरी एक कुत्रं भुंकत होतं, तेही स्पष्ट होतं. सरदार तेवढा बोलत नव्हता. त्याचे ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा फुगत होत्या, डोळ्यांत अंगार होता. पाच मिनिटं तो सैन्याला काहीतरी सांगत राहिला, आणि सैन्यानं त्यावर जो जयघोष केला त्यानं फडताळातली भांडी हादरली.

“अहो,” क्रांतीबाई म्हणाल्या, “हा माणूस मुका आहे का?”



“नाही, काकू,” ऋषिराज म्हणाला. “आजकाल असंच असतं. भाव महत्त्वाचा.”

“शब्दांची गरजच वाटत नाही, सर,” अंकिता म्हणाली. तिचा स्टुडिओ शब्दांवरच चालत होता.

“घोडी लय भारी आल्यात, सर,” धुळा म्हणाला, आणि निदान हे खोटं नव्हतं.

सुभेदारांनी सरदाराला सलाम ठोकला. त्यांचं मत असं पडलं की फौजेत मोठा साहेब बोलतो तेव्हाही मागच्या रांगेला ऐकू येत नाही, हुकूम मात्र कळतो.

सरांना बरं वाटायला हवं होतं. पण एकतीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाला एक गोष्ट कळते: मुलं खरंच समजल्यावर मान कशी हलवतात आणि घंटा व्हायची वाट बघत असताना कशी हलवतात. ह्या माना दुसऱ्या प्रकारच्या होत्या. त्यांनी सिनेमा थांबवला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले,

“ध्वनी प्रकाशापेक्षा वेगानं जातो, नाही का? म्हणून तर आधी गडगडाट ऐकू येतो आणि मग वीज चमकते.”

“हो, सर,” विजेचा इंजिनिअर प्रशांत म्हणाला. “पावसाळ्यात लक्षात येतं.”

सर खुर्चीत पुढं सरकले. “आणि पृथ्वीला चंद्र दोन आहेत. दुसरा दिसत नाही इतकंच.”

“ढगाळ असलं तर मुळीच नाही, सर,” ऋषिराज म्हणाला.

त्यानंतर पोहे झाले, चहा झाला, सगळ्यांनी पुन्हा वाकून नमस्कार केला आणि मंडळी गेली. सर मानपत्रासमोर खुर्चीत बसून राहिले. सोनेरी अक्षरं जागच्या जागी होती.

“क्रांती, एकसुद्धा नाही गं,” ते म्हणाले. “दुसरा चंद्र मान्य केला त्यांनी. मी शिकवलं काय मग इतकी वर्षं?”

“मी सांगते ते तुम्हाला चालत नाही,” क्रांतीबाई कपबशा गोळा करत म्हणाल्या, “आणि त्यांना सांगायची सोय नाही. माणसं मुकी झालीत हे मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“तुला त्यातली तांत्रिक…” सरांनी वाक्य अर्धंच सोडलं. सोडलं, हीच त्या घरातली मोठी घटना होती.

चार दिवस सरांनी यंत्राला हात लावला नाही. आवाज खराब होता याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. चूक कुठंय ते पुस्तकं उघडून त्यांना शोधता आलं असतं. पण ती चूक दुसऱ्या कुणीतरी, वर्गातल्या एका तरी पोरानं, तोंडावर सांगायला हवी होती. त्याशिवाय ते वाक्य भिंतीवर ठेवण्यात अर्थ नव्हता. एकदा तर त्यांनी स्टूल घेऊन मानपत्राचा खिळाही चाचपून बघितला.

चार सप्टेंबरला सकाळी सुभेदारांची नात सोनम क्रांतीबाईंकडं साडी मागायला आली. दुसऱ्या दिवशी शिक्षक दिन. शाळेत त्या दिवशी मुलंच शिक्षक होतात, मोठ्यांच्या साड्या आणि शर्ट घालून वर्ग घेतात, आणि खरे शिक्षक मागच्या बाकावर बसतात. सोनम नववीला विज्ञान शिकवणार होती. साडी अंगावर धरून बघताना ती एकदम सरांकडं वळून म्हणाली,

“आजोबा, पोक काढून काय बसलाय? ताठ बसा.”

सर ताठ बसले. मग म्हणाले, “आणि उद्या तुझ्या सरांनाही असंच बोलणार?”

“हो! साडी नेसली की चालतं.”

सर खुर्चीतून उठले. आठवी ‘अ’च्या जुन्या मुलांच्या फोनवरच्या गटावर त्यांनी स्वतः एक एक अक्षर शोधत निरोप लिहिला: ‘उद्या शिक्षक दिन. संध्याकाळी पाच वाजता माझ्या घरी. शिक्षक तुम्ही, विद्यार्थी मी. विषय ध्वनी. शिक्षकाचा पोशाख सक्तीचा.’

ऋषिराज कोट घालून आला. अंकिता काठाच्या साडीत आली आणि तिनं केसांत फूलही माळलं होतं. प्रशांतनं खिशाला दोन पेनं अडकवली होती, एक निळं आणि एक लाल. धुळानं पांढरा फुलशर्ट घातला होता आणि बगलेत लाकडी फूटपट्टी होती. हॉलमध्ये एकच बुटकं स्टूल ठेवलं होतं, आणि त्यावर होवाळ सर हाताची घडी घालून बसले होते. चौघंही दारातच थबकले.

“आत या, सर,” होवाळ सर उभे राहून म्हणाले. “एक साथ नमस्ते.”

ऋषिराजला घाम फुटला. प्रशांत भिंतीकडं बघायला लागला. शेवटी अंकितानं घसा साफ केला आणि वहीचं पान उघडून म्हणाली, “हजेरी. सोपान होवाळ.”

“हजर, बाई,” म्हणत सर पुन्हा स्टुलावर बसले.

तिला हसू आवरलं नाही. त्यानं थोडा ताण सैल झाला. मग धुळा दोन पावलं पुढं आला, फूटपट्टी तळहातावर हळूच आपटली आणि भिंतीला ऐकवल्यासारखा म्हणाला,

“होवाळ, उभा ऱ्हा.”

होवाळ उभा राहिला.

“माणसाला कान किती?”

“दोन, सर.”

“आन् तोंडं किती?”

“एक, सर.”

“मग सिनेमातल्या माणसाचं तोंड कुठं बसवलंस तू?”

सरांनी यंत्राकडं पाहिलं, दोन कोपऱ्यांतल्या दोन स्पीकरांकडं पाहिलं, आणि त्यांच्यामध्ये टीव्हीखाली असलेल्या रिकाम्या जागेकडं पाहिलं.

“सिनेमात माणूस बोलतो ते सगळं मधल्या स्पीकरातनं येतं,” धुळा म्हणाला. आता त्याला चांगलाच सूर लागला होता. “मशीन बिचारं इमानदारीनं बोलणं मधी धाडतंय. मधी हाय कोण? कोण न्हाई. घोडी बाजूनं, वारा बाजूनं, आन् सरदार बसलाय तोंड मिटून. गाण्याला मधला लागत न्हाई, म्हणून डफ घुमला. आता मशीनला नुसतं सांगायचं, बाबा, मधला न्हाई आपल्याकडं, दोघांतच वाटून दे.”

त्यानं रिमोटची सात-आठ बटणं दाबली. सरदार टेकडीवर चढला, त्यानं तलवार उपसली, आणि अशा आवाजात बोलला की क्रांतीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“आला का घसा ताळ्यावर?” त्या म्हणाल्या.

मग काय, बांध फुटला. प्रशांतनं सांगितलं, “होवाळ, सातशे वॅट म्हणजे एक इस्त्री. इस्त्री गात नाही, पण वीज तेवढीच खाते. तो गिरणीचा मीटर परत करायचा अर्ज उद्या द्यायचा. विहित नमुन्यात!” ऋषिराजनं ‘सात खोल्यांचं घर घेऊन दोनच खोल्यांत राहू नये’ हे वाक्य पाच वेळा लिहून आणायला सांगितलं. अंकितानं वही मागून घेतली आणि पहिल्या सूत्रावर प्रशांतच्या लाल पेनानं काट मारली.

“वॅट दुप्पट केले तर कानाला मोहरीएवढा फरक कळतो. आवाज दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. समजलं?”

“समजलं, बाई,” सर म्हणाले. ते मनापासून खूश होते. त्यांना आयुष्यात इतकं कुणी झापलं नव्हतं. “पण हे तुम्हाला कधी कळलं?”

“बारावीत.”

“आणि मला आज सांगता?”

अंकितानं पदर सावरला. आता ती शिक्षिकेच्या आवाजात बोलत नव्हती.

“आठवीत विचारलं होतं, सर. दोन दिवे लावले तर उजेड दुप्पट दिसत नाही, मग आवाज कसा दुप्पट, असं. तुम्ही चष्मा काढलात, टेबलावर ठेवलात आणि माझ्याकडं बघितलंत.”

“मग?”

“मग मी खाली बसले.”

“आमी सगळीच बसायचो,” धुळा म्हणाला. “तुमी चष्मा काढला की समद्यांचं पाय गळायचं, सर. डोळं असं बारीक व्हायचं तुमचं. आन् वरनं म्हणायचा, शाब्बास, आणखी कोणी?”

“अरे,” सर म्हणाले, “चांगला प्रश्न आला की मला विचार करावा लागायचा. समोरचं दिसलं की विचार होत नाही माझ्यानं. म्हणून चष्मा काढायचो. मला तुम्ही दिसतच नव्हता!”

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. एकतीस वर्षांचं भय कुठल्या काचांवर उभं होतं, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. क्रांतीबाई आधी हसल्या.

“दोन काचा,” त्या म्हणाल्या, “आणि एवढी सगळी पोरं.”

“मग आता इचारू का, सर?” धुळानं फूटपट्टी खाली ठेवली. “आठवीपासनं न्हाई, पण धा वर्सं झाली, डोक्यात बसलंय. मंडपात दोन स्पीकर लावून एकच सूर सोडला, की मधीच कुठंतरी एका जागंवर आवाज पार दबतो. दोन्ही स्पीकर चालू, पर तिथं काय न्हाई. एक पाऊल सरकलं की पुन्ना हाय. दोन आवाज मिळून गप कसं काय बसत्यात?”

सरांचा चेहरा उजळला. हात वर गेला आणि चष्म्याच्या दांडीला लागला.

“सर!” चौघं एकदम ओरडले.

सरांनी हात खाली घेतले, स्टुलावर बसून दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले आणि चष्म्यातून सगळ्यांकडं नीट बघत राहिले. बघून विचार करणं त्यांना अवघड जात होतं हे स्पष्ट दिसत होतं.

“पुस्तकात आहे हे,” ते सावकाश म्हणाले. “एक लाट वर आणि दुसरी खाली असली, तर दोघी एकमेकींना मिटवतात. फळ्यावर काढून दाखवलंय मी. पण कानानं कधी ऐकलं नाही, धुळा. ती जागा इथं सापडेल?”

धुळानं फोनमधून एक लांब, सरळ सूर लावला. दोन्ही लाकडी स्पीकर गुणगुणायला लागले. कोटवाला ऋषिराज एक कान पुढं करून पंख्याखाली फिरू लागला, प्रशांत सोफ्यावर चढला, अंकिता डोळे मिटून भिंतीच्या कडेनं सरकत राहिली, आणि सर स्टूल उचलून एकेका फरशीवर बसून बघू लागले. सुभेदारांनी कुंपणावरून विचारलं की सुरुंग शोधताय का.

“इथं!” क्रांतीबाई म्हणाल्या.

त्या जेवणाच्या टेबलापासून दोन फरश्या अलीकडं उभ्या होत्या. सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले, एकेकानं तिथं डोकं घालून बघितलं. खरंच, आवाज पार दबलेला.

“सापडली ना नक्की? हलणार नाही ना आता?” त्यांनी धुळाला विचारलं.

“न्हाई, काकू. स्पीकर हलवलं न्हाईत तर ह्यो सूर हितंच दबणार.”

“मग माझी खुर्ची इथं आणा,” क्रांतीबाई म्हणाल्या. “आणि अहो, तुम्ही आता शिकवा निवांत.”